धोंडूची जागा

वरच्या मजल्यावरचे फौझी मास्तर
पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ते आमच्याकडे देऊन गेले.
खोक्यावर लिहिलेलं : काचसामान, जपून.
नोकरी संपली होती. "कैरोला हिला नेता येत नाही," म्हणाले,
"कागद लागतात. माझेच जेमतेम झाले."

हिला, म्हणाले. ते आमच्या ध्यानात येईपर्यंत
लेकीनं नाव ठेवून टाकलं होतं : धोंडू.
ती जन्मली मनामात. कासव एकदाच पाहिलेलं,
आजोळी, देवळात, गाभाऱ्याच्या अलीकडे,
दगडाचं, पाठीवर कुंकू,
लोक त्याला हात लावून पुढे जातात.

आधी मी जुन्या फिशटँकमध्ये ठेवलं.
दिवसभर काचेला नाक लावून
चारही पाय एकाच जागी चालत राहिले.
नखांचा तो आवाज,
पाटीवर कुणी चुकलेलं गणित खरवडतंय तसा.
काच त्यांना कळत नाही.
दिसतं म्हणजे जाता येतं, एवढंच माहीत.
विद्या नाइट संपवून आली,
खांद्यावरची पर्स न काढता म्हणाली,
"याला आधी भिंत दे."

तर भिंत दिली.
पुस्तकांचं कपाट मोडलं, पुस्तकं पलंगाखाली गेली.
सहा फूट बाय तीन. आम्ही इथं पहिल्यांदा आलो
तेव्हा माझ्या वाट्याला याहून फार नव्हतं.
तळाला माती आणि वाळू, वीतभर, उकरता येईल अशी.
वाळू इथं फुकट असेल असं वाटलेलं.
समुद्रावरून पिशवी भरून आणली, ती खारट निघाली.
मग विकत घेतली. बहरीनमध्ये. वाळू.

बाहेर शेहेचाळीस. चपलेला डांबर चिकटतंय.
आणि मी दुकानात उभा राहून ऊन मागतोय.
दुकानदार हसला नाही.
"खिडकीतून येतो तो नुसता उजेड.
कवच ज्यानं घट्ट होतं ते काचेबाहेरच राहतं.
घरी एसी ना? मग दोन दिवे घ्या."
एक उबेचा, एक उन्हाचा. एकोणीस दिनार.

एका टोकाला दिवे, दुसऱ्या टोकाला सावली :
फुटकी कुंडी आडवी, अर्धी मातीत.
मधे कुंडीखालची बशी, पाणी गुडघ्याएवढं,
म्हणजे तिच्या गुडघ्याएवढं.
दिव्याखाली मनगट धरून ऊब पाहिली,
लेकीच्या अंघोळीचं पाणी पाहायचो तशी.

भाडेकरारात पाळीव प्राण्यांचा रकाना आहे.
मी तिथं रेघ मारली होती.
तेव्हा ती खरी होती.

तीन दिवस धोंडू कुंडीतून निघाली नाही.
कोथिंबीर सुकली. मेथी सुकली.
सासऱ्यांनी फोनवरून विचारलं, "कासव? घरात?
त्याचं तोंड देवाकडे लागतं."
मी वाकून पाहिलं.
तोंड फ्रिजकडे होतं.

चौथ्या दिवशी पहाटे, बांग होऊन गेल्यावर,
खाली उतरलो. वळणावरच्या बागेत जास्वंदीचं कुंपण आहे.
लहानपणी गणपतीसाठी दुसऱ्यांच्या कुंपणावरून
फुलं काढायचो, ती सवय बोटांत तशीच होती :
देठ मुरगळायचा, ओढायचा नाही.
चार झाली. पाचव्याला मागून टॉर्च पडला.
शोफिकुल, बिल्डिंगचा वॉचमन.
"पूजा है?"
काय सांगणार. हो म्हणालो.
त्यानं टॉर्च काखेत धरला
आणि माझा हात पोचत नव्हता तिथली
आणखी दोन काढून दिली.

सहाला टायमरवर दिवे लागले.
साडेसहाला कुंडीच्या अंधारातून
एक जुनाट, सुरकुतलेलं तोंड बाहेर आलं,
थांबलं, सगळ्या खोलीचा अंदाज घेतला,
फ्रिजचाही,
मग सरळ फुलाकडे.
पाकळी फाटल्याचा आवाज होतो, हे मला ठाऊक नव्हतं.
विद्या दात घासता घासता दारात उभी.
लेक युनिफॉर्ममध्ये, एकच मोजा घातलेला,
ओणवी झाली,
पाठीला हात लावला
आणि बससाठी पळाली.